वाद कुंपणाचा की बांधाचा?

एकाच बांधकामाला किती नावे असावीत याला काही मर्यादा नसते. इस्रायलचे सरकार त्याला 'सुरक्षा कुंपण' म्हणते. पॅलेस्टिनी जनता त्याला 'वर्णभेदाची भिंत' म्हणते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या मतात सरळ 'भिंत' असा शब्द वापरला, तर संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे अहवाल 'अडथळा' या शब्दावर समाधान मानतात. कोणी कोणता शब्द उच्चारला यावरून तो कोणत्या बाजूचा आहे, हे लगेच कळते. २००२ च्या जूनमध्ये या बांधकामाला प्रारंभ झाला. नियोजित लांबी सुमारे ७१० किलोमीटर. दोन तपांच्या घरात काळ लोटला, तरी त्यातील साधारण दोन तृतीयांश काम झाले आहे आणि उरलेले रखडले आहे. ते का रखडले, हा या वादातील सर्वांत बोलका आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

प्रथम भीतीविषयी. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा 'इंतिफादा' म्हणजे पॅलेस्टिनी उठाव सुरू झाला आणि पाहता पाहता आत्मघातकी हल्ल्यांचे सत्र उसळले. बस, उपाहारगृहे, बाजारपेठा, नृत्यगृहे अशी लक्ष्ये निवडून निवडून ठरवली जात होती. २७ मार्च २००२ रोजी नेतान्या शहरातील पार्क हॉटेलमध्ये वल्हांडण सणाच्या जेवणासाठी जमलेल्या लोकांमध्ये स्फोट झाला आणि ३० जण मृत्युमुखी पडले. त्या एका वर्षात चारशेहून अधिक इस्रायली हल्ल्यांत मारले गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेसहा लाखांच्या दहापट, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या महानगराहूनही कमी होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून गेलेले आपले बेने इस्रायली, ज्यांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखत, ते दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले अशा शहरांत स्थायिक झाले आहेत. त्यांच्या घरांतून अजूनही मराठी ऐकू येते. सकाळी मुलाला बसमध्ये बसवून दिल्यावर तो परत येईल की नाही, ही धास्ती त्या घरांनीही अनुभवली. ही धास्ती खोटी होती, बनावट होती, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी पुढे चर्चा करण्यात अर्थ नाही.

मात्र भिंतीची कल्पना मुळात कोणाची, हे पाहिले तर थोडे आश्चर्य वाटते. ती इस्रायलमधील उजव्या विचारांच्या मंडळींची नव्हती. जानेवारी १९९५ मध्ये बेत लिद येथे दुहेरी स्फोट झाल्यावर पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी दोन्ही समाजांच्या विलगीकरणाचा विचार गंभीरपणे सुरू केला. पुढे एहुद बराक यांनी 'आपण इथे, ते तिथे' ही भूमिका निवडणुकीत मांडली. हे दोघेही मजूर पक्षाचे. कुंपण घातले की आपोआप सीमा ठरेल, सीमा ठरली की पलीकडे पॅलेस्टिनी राज्य उभे राहील, असा त्यांचा हिशेब होता. आणि नेमक्या त्याच कारणासाठी वसाहतवाल्यांचा आणि एरियल शेरॉन यांचा त्याला विरोध होता. कुंपण उभे राहिले तर त्याच्या पलीकडे राहिलेल्या यहुदी वसाहतींचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. २००२ मधील रक्तपातानंतर लोकमताचा रेटा एवढा वाढला की, शेरॉन यांना कुंपण स्वीकारणे भाग पडले. परंतु त्यांनी ते स्वीकारताना त्याचा मार्ग मात्र आपल्या पद्धतीने आखला. सीमेवर उभे राहायचे ते कुंपण सीमा सोडून पूर्वेकडे सरकले. सगळा वाद इथून सुरू होतो.

१९४९ च्या युद्धबंदी करारात नकाशावर हिरव्या शाईने जी रेषा ओढली गेली, ती 'हरित रेषा' म्हणून ओळखली जाते. इस्रायल आणि जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, म्हणजे ज्याला आपल्या वृत्तपत्रांतून 'वेस्ट बँक' म्हणतात तो प्रदेश, यांच्यामधील ही रेषा साधारण ३२० किलोमीटरची आहे. कुंपणाचा नियोजित मार्ग तिच्या दुपटीहून अधिक लांब भरतो. लांबी एवढी वाढण्याचे कारण उघड आहे. मार्ग सरळ जात नाही. वसाहती आपल्या कुशीत घेण्यासाठी तो वळसे घेत, बोटे पसरत आत शिरतो. त्याचा सुमारे ८५ टक्के भाग हरित रेषेच्या आत, पॅलेस्टिनी भूमीवर आहे. एरियल ही वसाहत कुंपणाच्या पश्चिमेला यावी म्हणून आखलेले एक बोट सुमारे २० किलोमीटर आत जाते. संपूर्ण मार्ग पुरा झाला तर पूर्व जेरुसलेमसह पश्चिम किनाऱ्याचा नऊ टक्क्यांच्या वर भूभाग कुंपण आणि हरित रेषा यांच्यामध्ये अडकेल.

आपल्याकडील शेतकऱ्याला हा वाद समजावून सांगण्यासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याची फारशी गरज नाही. कंधार, लोहा, मुखेडच्या तहसील कचेऱ्यांत आणि दिवाणी न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्यांपैकी कितीतरी दावे बांधाचे असतात. शेजाऱ्याने आपल्या हद्दीत काटेरी कुंपण घातले, दगडी गडगा रचला, तर त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. गुरे आत येऊ नयेत, चोरी होऊ नये, म्हणून माणूस कुंपण घालतोच. तक्रार सुरू होते ती बांध कोरला गेल्यावर. आणि 'माझ्या शेतात चोर शिरतात म्हणून तुझ्या शेतात मी कुंपण घातले' हा बचाव मोजणीला आलेला भूमापक ऐकून घेत नाही. इस्रायलच्या कुंपणाला विरोध करणाऱ्यांतही दोन तऱ्हा आहेत. काहींना कुंपणच नको आहे. पण ज्यांचा युक्तिवाद टिकतो, ते कुंपणाविरुद्ध बोलत नाहीत. ते बांधाविषयी बोलतात.

प्रत्यक्षात हे बांधकाम बहुतांश ठिकाणी भिंत नाहीच. विद्युत संवेदक बसवलेली तार, तिच्या दोन्ही बाजूंना खंदक, पायांचे ठसे उमटावेत म्हणून चाळलेल्या वाळूचा पट्टा, गस्तीचा रस्ता, असा सुमारे ६० मीटर रुंदीचा तो पट्टा आहे. शहरी भागात, जागा कमी पडते तिथे, आठ मीटर उंचीच्या सिमेंट काँक्रीटच्या फळ्या उभ्या केल्या आहेत. छायाचित्रांतून आपल्याला दिसतो तो हा थोडा भाग. कल्किल्या या शहराच्या जवळजवळ सर्व बाजूंनी हा वेढा पडला. जय्यूस गावातील लोकांची घरे एका बाजूला आणि लिंबू-संत्र्यांच्या बागा, जैतुनाची झाडे, विहिरी दुसऱ्या बाजूला गेल्या. या शेतांवर जाण्यासाठी फाटके आहेत. ती ठरावीक वेळी उघडतात. काही तर केवळ जैतुनाच्या तोडणीच्या दिवसांत उघडतात. आणि त्यातून जायला परवाना लागतो. परवाना बापाला मिळतो, मुलाला नाकारला जातो. सातबारा नसलेल्या, वाटणी कागदावर न आलेल्या शेतीत नात्याने कोण मालक आणि कोण वारस हे सिद्ध करणे किती अवघड असते, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ नंतर यातील अनेक फाटके बंद झाली आणि तोडणीच्या हंगामात फळे झाडावरच राहिली.

कंधारचा भुईकोट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तट आणि खंदक म्हणजे काय हे ठाऊक आहे. पाण्याने भरलेला तो रुंद खंदक आतल्यांचे बाहेरच्यांपासून रक्षण करण्यासाठी होता. तटाच्या आत कोण आणि बाहेर कोण याविषयी त्या काळी संभ्रम नव्हता. जेरुसलेमच्या भिंतीबाबत हे म्हणता येत नाही. कफ्र अकब आणि शुआफात निर्वासित छावणी हे भाग जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत आहेत. पण भिंतीच्या बाहेर राहिले आहेत. लाखाच्या वर लोक तिथे राहतात. त्यांच्याकडे जेरुसलेमचे ओळखपत्र आहे, ते महापालिकेचा कर भरतात, आणि कामाला, रुग्णालयाला, शाळेला जायचे तर तपासणी नाक्यावर रांग लावतात. कचरा उचलायला गाडी आणि तक्रार घ्यायला पोलिस मात्र तिथे क्वचितच पोहोचतात. इथे भिंत इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यामध्ये उभी नाही. ती पॅलेस्टिनी आणि पॅलेस्टिनी यांच्यामध्ये उभी आहे. सुरक्षेच्या युक्तिवादाने या भागाचे स्पष्टीकरण देता येत नाही. लोकसंख्येच्या हिशेबाने देता येते.

न्यायालयांत हा प्रश्न दोन वाटांनी गेला. ३० जून २००४ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बेत सूरिक या गावाच्या अर्जावर निकाल दिला. सरन्यायाधीश अहरोन बराक यांच्या पीठाने असे म्हटले की, सुरक्षेसाठी कुंपण उभारण्याचा लष्कराला अधिकार आहे. राजकीय सीमा आखण्यासाठी मात्र नाही. आणि गावकऱ्यांची होणारी हानी मिळणाऱ्या सुरक्षेच्या प्रमाणात असली पाहिजे. वादग्रस्त ४० किलोमीटरपैकी सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग त्यांनी रद्द ठरवला. अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जुलै २००४ रोजी, हेगच्या न्यायालयाने १४ विरुद्ध १ अशा मताने सांगितले की, व्याप्त प्रदेशात उभारलेली भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, ती पाडावी आणि नुकसानभरपाई द्यावी. एकमेव विरोधी मत अमेरिकेचे न्यायाधीश थॉमस ब्यूर्गेन्थाल यांचे होते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. इस्रायलने ते मानले नाही.

हेगच्या मताची जगभर चर्चा झाली, परंतु जमिनीवर फरक पडला तो जेरुसलेमच्या निकालाने, हे मान्य केले पाहिजे. बिलीन गावाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००५ पासून तेथील गावकरी दर शुक्रवारी कुंपणाकडे मोर्चा नेत. त्यांच्याबरोबर इस्रायली कार्यकर्तेही असत. सप्टेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील मार्गाला सुरक्षेचे कारण पटत नसल्याचे सांगून तो बदलण्याचा आदेश दिला. प्रत्यक्ष बदल व्हायला २०११ उजाडले. तरीही काही शे एकर जमीन गावाला परत मिळाली. न्यायालयाने वसाहतींच्या कायदेशीरपणाचा मूळ प्रश्न मात्र कधी हाती घेतला नाही. प्रत्येक गावाचा दावा वेगळा, प्रत्येक वळणाचा निकाल वेगळा. बांधाची मोजणी झाली. सातबारा कोणाचा, हे विचारायचे राहिले.

मग कुंपणाने काम केले की नाही? इस्रायली सरकारचे उत्तर ठाम आहे. २००२ मध्ये चारशेच्या वर असलेली मृतांची संख्या २००५ मध्ये पन्नासच्या आसपास आली. ज्या उत्तर भागात कुंपण आधी पूर्ण झाले, तिथून होणारे हल्ले आधी घटले. हा पुरावा झटकून टाकण्याजोगा नाही. पण तो पुरताही नाही. त्याच काळात लष्कराने पश्चिम किनाऱ्यातील शहरे पुन्हा ताब्यात घेतली होती, हजारो लोकांना अटक झाली होती, आणि २००५ मध्ये हमासने एकतर्फी शस्त्रसंधी पाळली. इस्रायलच्या अंतर्गत सुरक्षा यंत्रणेनेच त्या वर्षीच्या घटीचे मोठे श्रेय या शस्त्रसंधीला दिले होते. शिवाय कुंपणाला भगदाडे होती. परवान्याविना कामाला जाणारे हजारो मजूर वर्षानुवर्षे त्यातून ये-जा करीत. २०२२ च्या वसंतात काही हल्ले झाल्यावर ही भगदाडे बुजवण्याची मोहीम निघाली. जे मजुराला सापडते ते हल्लेखोराला सापडत नव्हते असे मानणे कठीण आहे; तो त्या वर्षांत येत नव्हता, एवढेच म्हणता येईल.

गाझाच्या बाजूला तर याहून कठोर प्रयोग झाला. तिथले कुंपण बव्हंशी हरित रेषेवरच आहे, म्हणून बांधाचा वाद तिथे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलने गाझाभोवती ६५ किलोमीटर लांबीचा नवा अडथळा पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्याला जमिनीखाली काँक्रीटची भिंत, वर सहा मीटरहून उंच पोलादी कुंपण, रडार, कॅमेरे आणि दूरनियंत्रित बंदुका होत्या. एक लाख ४० हजार टन लोखंड आणि पोलाद त्यात वापरले गेले. दोन वर्षेही पुरी होण्याआधी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हमासच्या हल्लेखोरांनी ते बुलडोझर आणि स्फोटकांनी अनेक ठिकाणी फोडले. सुमारे बाराशे माणसे त्या दिवशी मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदींनुसार साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मरण पावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा गाझात उभी घरे मोजावी लागत होती. यातून 'कुंपण आणखी उंच हवे होते' असा निष्कर्ष काढणारे इस्रायलमध्ये आहेत. कुंपणावर भिस्त ठेवून पलीकडे काय शिजते आहे याकडे पाहणेच सोडून दिले, असे म्हणणारेही तिथेच आहेत, आणि त्यात निवृत्त सेनाधिकारी कमी नाहीत.

या घटनेचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ऑक्टोबर २०२३ पूर्वी पश्चिम किनाऱ्यातील दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी परवाना घेऊन इस्रायलमध्ये, मुख्यतः बांधकामावर, कामाला जात. पहाटे तीन-चारपासून ते नाक्यांवर रांगा लावत. युद्ध सुरू होताच हे परवाने जवळजवळ सर्व रद्द झाले. इमारती अर्धवट राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला. जानेवारी २०२४ मध्ये हरियाना आणि उत्तर प्रदेशात गवंडी, सुतार, फरशी बसवणारे, सळई बांधणारे यांच्या चाचण्या झाल्या, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रासाठीही निवडीची फेरी जाहीर झाली. आपल्या भागातून ऊसतोडीला, हैदराबादच्या आणि पुण्याच्या बांधकामांवर जाणारा मजूर दर वर्षी दिवाळीनंतर गाव सोडतो. त्याला महिना लाखाच्या वर मजुरीचे आमिष वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु ज्या परातीला त्याचा हात लागतो ती कोणाच्या हातून काढून घेतली आहे, हे निदान वृत्तपत्रांनी तरी सांगायला हवे होते. आपल्याकडे बातम्या आल्या त्या पगाराच्या.

इस्रायलचे कुंपण आपल्याकडे अनेकांना अनुकरणीय वाटते. सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत संवेदक आणि कॅमेऱ्यांनी युक्त अशा कुंपणाचे दोन छोटे टप्पे सुरू झाले, तेव्हा त्याची तुलना इस्रायलशीच केली गेली. भारत-बांगलादेश यांच्यातील ४,०९६ किलोमीटरच्या सीमेपैकी सुमारे तीन चतुर्थांश सीमेला कुंपण आहे. तिथेही फाटके आहेत, तिथेही ठरावीक वेळा आहेत, तिथेही कुंपणापलीकडे शेत राहिलेला शेतकरी ओळखपत्र दाखवून नांगर नेतो. साम्य एवढे आहे की वरवर पाहणारा फसावा. फरक असा की, ते कुंपण शून्य रेषेपासून साधारण १५० यार्ड आत, भारताच्याच भूमीवर घातले आहे. बांध कोरला गेला असेल तर तो आपल्याच शेतकऱ्याचा. आणि तो शेतकरी मतदार आहे, आमदाराला अडवू शकतो, भरपाईसाठी न्यायालयात जाऊ शकतो. त्याला न्याय मिळतोच असे नाही. पण ज्या सरकारने कुंपण घातले, ते बदलण्याचा हक्क त्याच्या हाती आहे. जय्यूसच्या शेतकऱ्याच्या हाती तो नाही. त्याच्यावर इस्रायली लष्कराचे कायदे चालतात. शेजारच्या वसाहतीतील रहिवाशावर इस्रायलचे नागरी कायदे चालतात, आणि मतपत्रिका फक्त दुसऱ्याला मिळते.

विलगीकरणाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा अजून राहिला आहे. एकदा एवढे रक्त वाहिले की दोन समाज एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांना वेगळे करणे हीच दया, असा तो मुद्दा आहे. मराठवाड्याने हा मुद्दा ऐकलेला आहे, नव्हे, भोगलेला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्या उशालाही एक सीमा होती. पैनगंगेच्या दक्षिणेला निजामाचे राज्य, उत्तरेला वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का, निजामाची टपाल तिकिटे आणि करोडगिरीचे नाके. पलीकडे उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी. कंधार, बिलोली, हदगावकडची कुटुंबे रझाकारांच्या धाकाने ही नदी ओलांडून जात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, हेही आपण जाणतो. या काळाचा इतिहास मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी दर वर्षी सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे.

पुढचा इतिहास मात्र सांगितला जात नाही. लष्करी कारवाई पाच दिवसांत संपली आणि सूड सुरू झाला. नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या पथकाने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. मारले गेलेले प्रामुख्याने मुसलमान होते. सर्वाधिक होरपळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर शहराविषयी अहवाल म्हणतो की, तिथे हत्या वीस दिवसांहून अधिक चालल्या, हजारावर माणसे मारली गेली आणि दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरली. हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याची, कोष्ट्यांनी कोष्ट्यांना लपवल्याची उदाहरणेही त्यात आहेत. हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही. अभ्यासकांना तो खुलेपणाने पाहायला मिळाला २०१३ च्या सुमारास.

म्हणजे दोन्ही बाजूंनी रक्त वाहिले होते, शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखून मारले होते आणि दोन्हीकडे आपापल्या मृतांचीच मोजदाद होत होती. विलगीकरणासाठी याहून अधिक 'योग्य' परिस्थिती कोणती असेल? काही कुटुंबे हैदराबाद शहरात गेली, काही पाकिस्तानात. बळकावलेली सगळी घरे-जमिनी परत मिळाल्या, असे कोणी म्हणू नये. पण बहुसंख्य लोक आपल्या गावी राहिले किंवा परतले. पैनगंगेवरचे नाके गेले आणि त्यांच्या जागी गावागावांत नवे नाके बसवावेत असे सरकारने म्हटले नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दोघांची नावे एकाच मतदार यादीत होती. एकाच तलाठ्याकडे दोघांचा सातबारा होता आणि एकाच न्यायालयात दोघांचे दावे. कंधारला हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या उरुसाला दोन्ही समाजांची माणसे येत राहिली. हे प्रेमाने घडले, असा भाबडा दावा मी करणार नाही. मनातल्या भिंती इथेही आहेत आणि शहरांतील नव्या वसाहतींत घर भाड्याने मागणाऱ्याचे नाव ऐकून त्या आजही उभ्या राहतात. हे घडले ते कागदामुळे. नागरिकत्व एकच होते.

पॅलेस्टाइनचा प्रश्न मराठवाड्यासारखा नाही, याची जाणीव ठेवलेली बरी. तिथे दोन राष्ट्रीयत्वे आहेत, दोघांचीही स्वतंत्र राज्याची मागणी आहे, आणि कित्येक पॅलेस्टिनींना इस्रायलचे नागरिकत्व नकोच आहे. दोन राज्ये झाली तर मधोमध कुंपण असण्यात काही वावगे नाही. सायप्रसमध्ये १९७४ पासून तसे आहे आणि २००३ पासून त्यात फाटकेही उघडली आहेत. पण त्यासाठी पलीकडे राज्य असावे लागते. आज पश्चिम किनाऱ्यातील माणसाला पलीकडचे राज्यही नाही आणि अलीकडचे नागरिकत्वही नाही. १९ जुलै २०२४ रोजी हेगच्या न्यायालयाने आणखी एक सल्लामत दिले आणि हा संपूर्ण ताबाच बेकायदा असल्याचे सांगितले. वीस वर्षांपूर्वी प्रश्न भिंतीचा होता. आता तो सातबाऱ्यापर्यंत पोहोचला आहे.

राहता राहिला तो न बांधलेला एक तृतीयांश भाग. तो एरियल, माले अदुमिम आणि गुश एत्झियोन या मोठ्या वसाहतींच्या परिसरात आहे. पॅलेस्टिनी गावांचे दावे, अमेरिकेची नाराजी, खर्च, अशी कारणे त्यासाठी दिली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु आणखी एक कारण आहे. तिथे कुंपण पूर्ण होऊ नये असे आता खुद्द वसाहतवाल्यांना वाटते. कुंपण पूर्ण झाले तर त्याच्या पूर्वेकडील वसाहती बाहेर पडतील, ही शेरॉन यांची जुनी शंका त्यांनी सोडलेली नाही. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यात, पूर्व जेरुसलेम वगळता, साधारण दोन लाख वसाहतवासी होते. आज ते पाच लाखांच्या वर आहेत आणि त्यांचे प्रतिनिधी मंत्रिमंडळात बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये माले अदुमिम आणि जेरुसलेम यांच्यामधील 'ई-१' या पट्ट्यात हजारो घरे बांधण्याच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. ही घरे उभी राहिली तर पश्चिम किनाऱ्याचा उत्तर भाग दक्षिणेपासून तुटेल. त्यासाठी कुंपणाची एक तारही ओढावी लागणार नाही.